वडूजजवळच्या घरातला जपानी झेंडा

पुण्यात जपानी शिकवता शिकवता वीस वर्षं गेली, पण त्या भाषेपायी कधी खटावच्या माळावर जावं लागेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पूनम माझी जुनी विद्यार्थिनी, आता सांगलीत नोकरी करते. तिच्या पणजोबांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून एक जपानी झेंडा आणला होता. त्यावरचं वाचायला याल का, असं तिनं विचारलं. झेंडा जपानला परत जावा असं तिला फार वाटत होतं. पण तिच्या आजोबांनी, अप्पांनी, आधीच बजावलं होतं: वाचा खुशाल, न्यायचं नाव काढू नका.

शनिवारी सकाळी लवकर निघाले. खंबाटकी घाटात नेहमीचा खोळंबा, मग साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, वडूज. रस्ता बरा आहे. गाडी नसेल तर साताऱ्याहून एसटी मिळते. पुसेगावला मटकीची उसळ, भाकरी, ठेचा, सगळं दीडशेच्या आत. ठेचा बेतानं घ्या. मी ऐकलं नाही आणि वडूजपर्यंत पाणी पीत गेले.

पूनम विट्यावरून माझ्या आधीच पोचली होती. अप्पा स्वतः फौजेतले निवृत्त हवालदार, ऐंशीला टेकलेले तरी ताठ. "लय लांबनं आलासा. आदी च्या घ्या."

दर खंडेनवमीला या घरात तलवार आणि पणजोबांच्या पदकांशेजारी हा झेंडाही पुजला जातो. पांढऱ्या रेशमावर इतक्या वर्षांचं हळदकुंकू बसलेलं. शत्रूच्या पलटणीचं निशाण जिंकून आणलं, अशी घरात पक्की समजूत.

मी वाचायला लागले आणि अडखळले.

"अप्पा, हे पलटणीचं निशाण नाही. पोरगा लढाईला निघाला की घरचे, शेजारी झेंड्यावर सह्या करून त्याला देत. याचं नाव केन्जी. या सगळ्या त्याच्या माणसांच्या सह्या."

"आन काय लिवलंय?"

"लढाईत यश येवो, असं मोठ्या अक्षरात. आणि इथं कोपऱ्यात, कुणाला दिसू नये इतकं बारीक: घरी ये. खाली नुसतं 'आई'."

अप्पांनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"पूजा झाली की आमचा म्हातारा ह्याच्यापुढं एकलाच बसायचा. आमाला वाटायचं, जिंकल्याची मिजास हाय." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "त्येच्याच हातनं गेला आसंल ह्यो."

माझ्याही डोळ्यांना धार लागली. पूनम तर केव्हाच आत निघून गेली होती.

"माज्या आजीचा ल्योक घरी आला. हिचा न्हाई आला," अप्पा म्हणाले. मग झेंड्याची घडी घालून त्यांनी ती माझ्या हातात दिली. "न्या बाई."

काकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, हळद धुऊन देते म्हणत होत्या. अप्पांनी अडवलं. "ऱ्हाऊ दे. टाकून दिल्याला नव्हता, ह्ये त्यास्नी दिसू दे."

निघताना काकूंनी माझ्या हातावर दही घातलं. मी ते खाल्लं, तर पुन्हा एक चमचा घातला.

"ह्ये त्येच्या वाटचं. त्यो बी घरातनं निगालाय न्हवं?"

या गोष्टीला आता पाच महिने झाले. अशा झेंड्यांची मूळ घरं शोधणाऱ्या जपानमधल्या मंडळींना मी फोटो पाठवलेत, पण नुसत्या नावांवरून माग लागणं कठीण आहे. हा सगळा प्रवास एका दिवसाचा, एका बाजूनं दोनशे किलोमीटरही नसेल. तरी इतक्या लांब मी कधी गेले नव्हते असं वाटतं. जिंकलेल्या घरातही ते युद्ध पुरतं संपलं नव्हतं, हे मला पुस्तकांतून कधी कळलं नसतं.

दर रविवारी अप्पांचा फोन येतो.

"लागला का पत्ता?"

"अजून नाही, अप्पा."

"लावा, लावा. आन न्हाईच लागला, तर त्येला माघारी घिऊन या. त्येचं घर हाय हितं."