परब सरांचं अर्धं वाक्य

परब सर काल गेले. मला रडू आलं नाही.

डिचोलीला कॉलेजात आम्हाला ते स्पीच कम्युनिकेशन शिकवायचे. माणूस पेडण्याचा, आवाज खणखणीत आणि काळीज दगडाचं. आज सगळ्यांच्या वॉलवर ते 'देवमाणूस' झालेत.

नव्हते.

मी लहानपणापासून बोलताना अडते. सर्वणला आमच्या दारात पाव विकणारा पोदेर यायचा. माझं "स... स..." सुरू झालं की तोच म्हणायचा, "चार उंडे ना गो बाय?"

मला सहा हवे असायचे. सहा म्हणता येईना म्हणून घरातल्यांनी कितीतरी वर्षं चारच खाल्ले.

सरांचा सगळा रिसर्च यावरच होता. बोलणारा अडला की ऐकणारा किती वेळ थांबतो? टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव फिरायचे. शेतात, दुकानात, देवळाच्या पायरीवर बसून लोकांना बोलतं करायचे आणि स्वतः गप्प.

वर्गात मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी माझ्या नावावरच अडले. मागून कुणीतरी "सुमन" म्हणालं.

"भायर हो," सर त्याला म्हणाले. "तिचो शब्द तीच काढतली. बाकीच्यांनी गप ऱ्हवा."

सगळा वर्ग थांबला. नाव माझं मी काढलं.

त्या दिवशी हा माणूस मला देव वाटला, हे कबूल करते.

पुढे त्यांनी माझंही बोलणं टेप केलं. मग फोंड्याचं सेमिनार.

सर म्हणाले, "तुझ्या टेपवर माझा पेपर आहे, घरच्यांना घेऊन ये." बाबांना वाटलं, मुलीचा सत्कार आहे. शेतातलं काम टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. सरांसाठी घरच्या साळदाटी केळ्यांची फणी आणली होती.

सरांनी टेप लावली. "माझं नाव स... स... स..."

नावासकट. मला न विचारता.

हॉल हसला. आधी मागच्या रांगा, मग सगळेच.

मी सरांकडे बघितलं. ते घड्याळ बघत होते. हॉल किती सेकंदांनी हसतो, ते मोजत होते!

नंतर पाठीवर थाप मारून म्हणाले, "छान डेटा मिळाला."

आणि बाबांनी ती फणी त्यांना दिली. दोन्ही हातांनी.

बसने सर्वणला परत आलो. उतरताना बाबा एवढंच म्हणाले, "शिकलेलो माणूस तो. तेका काय ता कळत असतला."

बाबा गेले तेही हेच धरून. मला मात्र सरांच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. माझ्यासाठी नाही, त्या इस्त्रीच्या शर्टासाठी. वीस वर्षं वाट बघितली.

दरम्यान मी तोच विषय शिकवायला लागले. पद्धत त्यांचीच. राग त्यांचा आणि पोट भरतं त्यांच्यावर, असं माझं चाललंय.

दोन वर्षांपूर्वी सरांना पॅरालिसिसचा झटका आला आणि वाचा गेली.

ऐकल्यावर माझ्या मनात पहिला शब्द आला, तो "बरं." आज खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी बघायला गेले. सरांच्या पत्नी, आमच्या काकी, त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "सुमन इली हा, बगा." मग मला म्हणाल्या, "बोलूक बगतत गो, पण तोंडातसून येना."

सरांनी माझ्या मोबाईलकडे बोट केलं. रेकॉर्ड कर. मी केलं.

आणि मी काय केलं सांगू? घड्याळ काढून त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं.

त्यांनी ते बघितलं. अर्ध्या तोंडाने हसले.

"सु... सु... म..." घाम फुटला त्यांना. मी हूं की चूं केलं नाही. मजा बघत होते.

मग ते म्हणाले, "फों... फोंड्या... ला... तु... झे... बाबा... मी... मी..."

आणि अडले.

तिथून मी फार हलकी होऊन निघाले. आपण किती मोठ्या मनाचे, असं वाटत होतं. रेकॉर्डिंग परत कधी ऐकलं नाही.

आज सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. शोकसभेत लावायला सरांचा आवाज हवाय. घरात शेकडो कॅसेट्स आहेत, पण सगळ्या दुसऱ्यांच्या. सर त्यात कुठेच बोलत नाहीत.

म्हणून मी ते रेकॉर्डिंग काढलं.

"...तुझे बाबा... मी... मी..."

मग शांतता. मोजली. चार सेकंद.

पहिल्या वर्षाच्या पोरांनाही मी दहा थांबायला लावते.

चार सेकंदांनंतर एक बाई बोलते. कुठेही न अडता, स्वच्छ आवाजात. आयुष्यात इतकं सरळ वाक्य मी कधी बोलले नसेन.

"जाऊ दे सर. जुनी गोष्ट झाली."

त्यांचं तोंड मिटल्याचं ऐकू येतं. नंतर फक्त काकींचा आवाज, "पाणी दिवं?"

मला त्यांची कीव करायची घाई झाली होती. अडणाऱ्यापेक्षा वरचढ वाटण्यात केवढं सुख असतं, ते फोंड्याच्या हॉलला विचारा.

मुलाला सांगितलं, आवाज आहे, पण हॉलात लावायला देणार नाही. तू घरी ये, दोघं बसून ऐकू.

एक विनंती. 'त्यांना माफीच मागायची असणार गं' असं खाली कमेंटमध्ये कुणीही लिहू नका.

त्यांचा शब्द त्यांचा होता. तो मी तोडला.

भावपूर्ण वगैरे मला जमणार नाही. नुसती श्रद्धांजली, सर.

मी थांबायला हवं होतं.