खात्रीचा डबा

खाली दुकान, वर घर आणि मधे एक अरुंद लोखंडी जिना. सकाळी जिना वाजला की धाकटा काउंटरवरून मान न वळवताच म्हणायचा, "चहा टेबलावर ठेवलाय, वहिनी." सगळा रस्ताच त्यांना वहिनी म्हणायचा. त्यांच्या वडिलांच्या वयाची गिऱ्हाइकंसुद्धा.

कॉम्प्युटर विकायचं आणि दुरुस्त करायचं हे दुकान दोघा भावांचं होतं. धाकटा पुढे बसून बोलायचा, विकायचा, फोन घ्यायचा. थोरला मागच्या टेबलावर मशिनं उघडून बसायचा. त्याला बोलायचा कंटाळा, आणि याला स्क्रू फिरवायचा. थोरला गेल्यावर मागचं टेबल वहिनींकडे आलं.

ते काही अचानक आलं नाही. लग्न झालं तेव्हा वहिनींच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे वर कापड टाकून ठेवायची वस्तू. घरात सासूबाईंचा शब्द चालायचा आणि दुपारी तो जरा जास्तच चालायचा. म्हणून नवऱ्याचं जेवण खाली घेऊन यायचं आणि त्याचं होईपर्यंत तिथेच बसायचं, अशी त्यांनी सवय लावून घेतली. रिकामं काय बसायचं म्हणून त्या सांडलेले स्क्रू गोळा करत. मग स्क्रू काढून देऊ लागल्या. मग एक दिवस थोरला जेवता जेवता म्हणाला, "तो चालू होताना टुंइ टुंइ करतोय ना, त्याची रॅम काढ आणि खोडरबराने पुस." रॅम म्हणजे बोटभर रुंदीची पट्टी. कॉम्प्युटर हातातलं काम तेवढ्यापुरतं तिच्यात धरून ठेवतो. वहिनींनी तिचे सोनेरी दात पुसले, पट्टी खाचेत दाबली, आणि पडद्यावर चित्र आलं. थोरला भात कालवत म्हणाला, "आता गेलीस तू कामातून." तेव्हापासून त्या दुपारी वर गेल्याच नाहीत.

थोरल्याची कामाची एक पद्धत होती. मशीन आलं की आधी सगळं काढून टाकायचं आणि एकेक भाग परत लावत जायचं. जो लावल्यावर बिघडलं, तो चोर. सगळ्यात शेवटी लांबची परीक्षा. मशीन दुपारभर राबवायचं, आणि तेही गिऱ्हाइकाच्या पॉवर सप्लायवर नाही. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला त्याच्या वाट्याची देणारा लोखंडी डबा. गिऱ्हाइकाच्या डब्यावर थोरल्याचा विश्वास नसे. "वीज नीट मिळाली नाही तर शहाण्यातलं शहाणं मशीनही वेड्यासारखं वागतं," तो म्हणायचा. परीक्षेसाठी त्याने एक चांगला डबा निवडून टेबलावर कायमचा ठेवला होता. तो दुकानाचा खात्रीचा डबा. त्याच्यावरही मशीन पडलं तर दोष मदरबोर्डात, म्हणजे ज्या मोठ्या पाटीवर सगळे भाग बसतात तिच्यात. तिथे चर्चा संपली.

डबा कुणी उघडू नये म्हणून थोरल्याने त्याच्या स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचे थेंब टाकले होते. पॉलिश फुटलं की कळणार, कुणीतरी हात घातला. बाटली वहिनींची, एका लग्नासाठी घेतलेली आणि एकदाच लावलेली.

मागच्या वर्षी थोरला बँकेतून येताना रस्त्याच्या कडेला बसला, तो उठला नाही.

वहिनी रडल्या नाहीत. रडायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. हातावर झोपलं की तो आपल्याच खांद्याला असूनही परका लागतो, तसं सगळंच लागत होतं. माणसं येऊन गेली, वहिनींनी चहा केला, कपबश्या विसळल्या. चौथ्या आठवड्यात त्या खाली उतरल्या आणि टेबलावर अर्धवट पडलेलं मशीन त्यांनी पुरं केलं. खाली बरं होतं. खाली प्रत्येक गोष्टीला पुढची पायरी होती. वर सासूबाई होत्या, आणि त्या सारख्या सुनेच्या तोंडाकडे बघत.

"रड गं एकदा," त्या म्हणत. "मला तरी मोकळं वाटेल."

"हो आई," वहिनी म्हणत आणि भाजी निवडत.

गेल्या काही महिन्यांत मात्र टेबलावर काहीतरी बिनसलं होतं. मशिनं लांबच्या परीक्षेत मधेच बंद पडून आपोआप सुरू होत. वहिनी रॅम बदलत, तरी तेच. मग बोर्ड गेला असं सांगत. नवे बोर्ड मागवले तर त्यातलेही काही पडत. दुकानाच्या फळीवर गेलेल्या बोर्डांची थप्पी वाढत चालली, आणि नवे बोर्ड परत पाठवले की घाऊक व्यापारी धाकट्याला फोनवर विचारायचा, "तुमच्याकडे बोर्ड तपासतात की बडवतात?"

धाकटा हे वहिनींना सांगत नसे, पण फोन पुढच्या टेबलावर असला तरी दुकान केवढंसं.

एका सकाळी क्लासवाल्या बाई आल्या. रस्त्याच्या टोकाला मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या, आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. महिन्यापूर्वी त्यांचं मशीन चालू होताना टुंइ टुंइ करत होतं म्हणून आलं होतं. वहिनींनी रॅम पुसली, चित्र आलं, पण लांबच्या परीक्षेत मशीन पडलं. बोर्ड गेला, असं वहिनींनी सांगितलं. बाईंनी नवा घ्यायला नकार दिला आणि मशीन उचलून नेलं.

"तुम्ही माझा कॉम्प्युटर मेला म्हणून सांगितलंत ना?" बाई काउंटरवरूनच मागे बघत म्हणाल्या. "रोज सकाळ-संध्याकाळ चालतोय. शिंकलासुद्धा नाही. म्हटलं, सांगून यावं. तुम्हाला बरं वाटेल."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. धाकट्याने हसून वेळ मारून नेली. मग ती गेल्यावर तो मागे आला आणि स्टूल ओढून बसला. तो मागे बसायचा म्हणजे काहीतरी असायचं.

"वहिनी, राग मानू नका."

"नाही मानत."

"दादा गेल्यावर खाली उतरलात, त्यानंतर तुम्ही एक दिवस घरी बसला नाहीत. माणसाचं लक्ष उडतं. त्यात तुमचा काय दोष? सोमवारपासून एक कारागीर येतोय. तुम्ही जरा आराम करा. आईलाही सोबत होईल."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

त्यांना वाईट वाटलं नाही. असेलही, असंच वाटलं. ज्या बाईला नवरा गेल्यावर रडू आलं नाही, तिच्या हातून बोर्ड मेले तर त्यात नवल काय. त्यांनी टेबल पुसायला घेतलं. पुसता पुसता जिन्याकडे नजर गेली. वर सासूबाईंच्या बाजेची करकर झाली. सोमवारपासून ती सगळ्या दुपारी ऐकायची. आणि समोर ते तोंड, आपल्या तोंडाकडे बघणारं.

फडकं हातातच राहिलं. बाईंचं मशीन घरी चालतं आणि इथे पडलं. मशीन तेच. बोर्ड तोच, रॅम तीच. मग इथे वेगळं काय होतं?

वहिनी क्लासवाल्या बाईंच्या घरी गेल्या. "एकदा परत आणाल? फक्त बघायचंय."

"म्हणजे आता खरोखर मारणार?"

"तुम्ही समोर बसा."

"बसणारच आहे," बाई म्हणाल्या. "त्याच्यात माझे पाच वर्षांचे पेपर आहेत."

दुसऱ्या दिवशी बाई पेपर तपासायचा गठ्ठा घेऊनच स्टुलावर बसल्या. वहिनींनी आधी मशीन त्याच्या स्वतःच्या डब्यावर राबवलं. बाईंचा अर्धा गठ्ठा तपासून झाला, मशीन चालूच. मग वहिनींनी ते बंद केलं, तारा काढल्या आणि खात्रीचा डबा जोडला. थोडा वेळ सगळं नीट. मग पंखा जोरात फिरू लागला, पडदा काळा झाला आणि मशीन पहिल्यापासून सुरू झालं.

"बघा," बाई म्हणाल्या. "हेच मी म्हणत होते. तुमच्याकडे आलं की त्याला काहीतरी होतं."

"हो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पुन्हा मशीनचा स्वतःचा डबा लावला. मशीन चाललं. पुन्हा खात्रीचा, मशीन पडलं.

धाकटा मागे येऊन उभा राहिला होता. "काय चाललंय?"

"रोज सकाळी मीटर लावून बघते मी याला. आकडा बरोबर असतो," वहिनी म्हणाल्या. "पण तेव्हा त्याच्यावर ओझं नसतं. आता बघा." मशीन राबत असताना त्यांनी मीटरच्या सुया तारेत खुपसल्या. आकडा खाली आला, सावरला, पुन्हा खाली आला. "कमी खाणारं मशीन याच्यावर पास होतं. जास्त खाणारं पडतं. कामाचं ओझं वाढलं की हा धापा टाकतो, आणि मी बोर्डाला नाव ठेवते."

"दादाचा डबा आहे तो."

"हो."

त्यांनी वायर काढली आणि थांबल्या. वायर काढल्यावरही अशा डब्यात वीज थोडा वेळ दबा धरून असते. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"वहिनी, दादाची खूण आहे त्याच्यावर."

"म्हणून तर उघडला नाही कुणी."

पॉलिश वाटलं होतं त्यापेक्षा घट्ट होतं. एका कोपऱ्याला टवका उडाला, मग बाकीचे उडाले. झाकण निघालं. आत धूळ आणि धुळीत छोट्या डबड्यांसारखे, वीज साठवून एकसारखी ठेवणारे कपॅसिटर. त्यांचे माथे सपाट असायला हवेत. चार फुगले होते. एकाच्या माथ्यातून तपकिरी चिकट पदार्थ येऊन वाळला होता.

क्लासवाल्या बाईंनी चष्मा वर करून बघितलं. "हे काय, उतू गेलं?"

"म्हातारा झालाय," वहिनी म्हणाल्या. "फुगायला लागून वर्ष दीड वर्ष तरी झालं असेल."

धाकट्याने मनात हिशोब केला. वर्ष दीड वर्ष, म्हणजे थोरला होता तेव्हापासून. त्याने फळीवरच्या थप्पीकडे बघितलं. "म्हणजे हे सगळे?"

"काही खरंच गेले असतील. सगळे परत तपासायला लागतील. आणि ज्यांना नवे बोर्ड घ्यायला लावले, त्यांना सांगायला लागेल."

"ते मी सांगतो," धाकटा म्हणाला. मग त्याने विचारलं, "सोमवारच्या कारागिराचं काय करू?"

वहिनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. बोट चिरलं होतं, केव्हा ते कळलं नव्हतं. आता झोंबायला लागलं होतं. त्यांनी ते फडक्यात धरलं.

"टेबल एकच आहे, भाऊजी."

धाकटा मान हलवून पुढे गेला. फोन उचलल्याचं ऐकू आलं, मग त्याचा गिऱ्हाइकांशी बोलायचा गोड आवाज, "सोमवारचं राहू द्या."

"माझा कॉम्प्युटर नेऊ ना?" बाई म्हणाल्या.

"न्या. चांगला आहे."

"ते मला माहीतच होतं," बाई म्हणाल्या, पण जाताना मशीन उचलायला त्यांनी वहिनींचीच मदत घेतली.

वहिनींनी कपाटातून दोन नवे डबे काढले. त्या टेबलाकडे परतताना धाकट्याने बघितलं. "दोन कशाला?"

"एकाने सांगितलं की दुसऱ्याला विचारायचं."

"खूण करायची? ती बाटली वर असेल."

"वाळली असेल," वहिनी म्हणाल्या. "खूण नको. उघडून बघता आलं पाहिजे."

वरून सासूबाईंनी जेवायला हाक मारली. "घ्या तुम्ही, आई," वहिनी इथूनच म्हणाल्या. त्यांनी फळीवरच्या थप्पीतला सगळ्यात खालचा, म्हणजे सगळ्यात आधी मारलेला बोर्ड ओढून काढला, त्याच्यावरची धूळ फुंकली आणि रॅम पुसायला खोडरबर शोधू लागल्या.