कावासाकीच्या मैदानातला डिस्को

डिस्को मला येतो, हे सांगताना मी कधी लाजले नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पुण्यात कॉलेजला होते. थोरला भाऊ मुंबईहून परदेशी रेकॉर्ड आणायचा आणि त्यावर आम्ही मैत्रिणी दार लावून नाचायचो. गॅदरिंगला मी स्टेजवर आले की शिट्ट्या मारणारी मुलं शिट्ट्या विसरायची. नाचता येईना अंगण वाकडं, असं मला म्हणायची कुणाची टाप नव्हती.

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जपानमध्ये कावासाकीला आलो आणि हे सगळं बासनात गेलं. माझं जपानी म्हणजे भाजी, स्टेशन आणि कचरा वेगळा करण्यापुरतं. दहा वर्षांची लेक मात्र शाळेत जाऊन अस्सल जपानी झाली होती. मी मराठीत विचारायचे, ती जपानीत उत्तर द्यायची. मैत्रिणींसमोर मी तोंड उघडू नये, असं तिला वाटायचं. ते मला कळायचं आणि लागायचंही.

तिथे उन्हाळ्यात पूर्वजांच्या आठवणीसाठी सगळी वस्ती गोल धरून नाचते, त्याला बोन ओदोरी म्हणतात. त्याचा सराव आमच्या इमारतींमधल्या मैदानात आठवडाभर आधी सुरू व्हायचा. मधोमध लाकडी मचाण, त्यावर ढोल, आणि भोवती हातात पंखे घेतलेल्या बायका. त्या वर्षी सरावाच्या पहिल्या संध्याकाळी मी बघायला गेले. दोन जुनी जपानी गाणी झाली आणि टेपवर चक्क विलायती डिस्को सुरू झाला! माझ्या कॉलेजच्या दिवसांतला. वस्तीने त्यावरही आपल्या पद्धतीच्या स्टेप्स बसवल्या होत्या. माझे पाय काही माझं ऐकेनात. मी गोलात घुसले.

आणि जागच्या जागी नाचायला लागले. आम्ही पुण्याची माणसं, विसर्जनाच्या मिरवणुकीत बँडसमोर नाचत उभं राहायचं आणि अख्खी मिरवणूक आपल्यासाठी थांबते, हीच आमची सवय. इथे गोल सतत पुढे सरकायला हवा, हे माझ्या गावीही नव्हतं. मी गिरकी घेतली आणि मागच्या बायका एकमेकींवर आदळल्या. कुणाचा तरी पंखा खाली पडला.

"मामा, यामेते!" लेक ओरडली. आई, थांब! जपानी मुलं आईला मामा म्हणतात. घरी येताना तिने मला जपानीतच बजावलं, की उद्यापासून सरावाला यायचं नाही, सगळे आपल्याकडे बघत होते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बघत होते तर बघू देत की! मी काय कुणाच्या घरावर दरोडा घातला होता?

दुसऱ्या संध्याकाळी मी गेलेच. गोलाच्या शेवटी राहून आधी सरकायला शिकले. चार पावलं पुढे, एक मागे, टाळी. ते सोपं होतं. पण बायका फक्त हातांनी नाचत होत्या, कंबर फळीसारखी ताठ. मी सरकता सरकता कंबरही सोडली. तेवढ्यात रहिवासी मंडळाच्या प्रमुख आजींनी टेप बंद केली. या आजी कचऱ्याच्या पिशव्या उघडून तपासायच्या, त्यामुळे सगळी वस्ती त्यांना वचकून असायची. त्या थेट माझ्याकडे आल्या. झालं, मला वाटलं, आता काढतात बाहेर. त्यांनी माझ्या कमरेकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा." एवढं जपानी मला कळत होतं.

मी करून दाखवलं. आजींनी करून पाहिलं, जमलं नाही. त्यांनी काहीतरी लांबलचक विचारलं, ते माझ्या डोक्यावरून गेलं. मग सगळ्यांच्या नजरा घसरगुंडीजवळ मैत्रिणींत उभ्या असलेल्या माझ्या लेकीकडे वळल्या. मी तिला हाक मारली नाही. मुद्दामच नाही मारली. लाज वाटत असेल तर राहू दे तिथेच.

ती आली. मान खाली घालून, पण आली, आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

मी मराठीत सांगितलं, "पायांकडे बघू नका. खालचा जाड आवाज ऐका. पहिल्या ठोक्याला तो जोरात येतो, तबल्यावर सम येते ना, तसा. तिथे अंगाचा भार टाका, कंबर आपोआप सुटते." लेकीने ते जपानीत सांगितलं. माझ्यापेक्षा दुप्पट बोलली. बायका गंभीरपणे माना हलवत ऐकत होत्या, मैत्रिणीही जवळ येऊन ऐकत होत्या. टेप पुन्हा लागली. आजींनी भार टाकला, कंबर हलली, आणि स्वतःच इतक्या दचकल्या की सगळा गोल हसत सुटला. पण सरकायचा थांबला नाही. साठीतल्या जपानी बायकांना डिस्को शिकवणारी मी एकटीच मराठी बाई असेन, आणि हे मी कुणालाही छाती ठोकून सांगते.

परत जाताना मी लेकीला विचारलं, "मी बोलले एवढंसं. तू एवढं काय सांगत होतीस गं?"

ती, किती महिन्यांनी कोण जाणे, मराठीत म्हणाली, "सांगितलं, की ही माझी आई आहे. तिला हे तुमच्यापेक्षा चांगलं येतं."