मुक्ताईच्या दिव्याचं तेल

माझ्या वडिलांच्या, नानांच्या, छातीत कापसाची तूस बसली आणि सरकी काढायच्या जिनातलं काम सुटलं. मी घराण्यातला पहिला बी.ए., पण नोकरी नव्हती. संध्याकाळची चूल पेटेलच असं नव्हतं. तेव्हा गावातल्या वकिलांनी लिंबाखाली सात पावसाळे खाल्लेली आपली मोटार दाखवली. "चालू झाली तर तुमची." नानांनी ठरवलं, मुक्ताईच्या यात्रेला भुसावळ स्टेशनावरून एदलाबादला माणसं न्यायची. नानांचा हात यंत्रावर बसलेला. इंजिन चार दिवसांत बोललं. पण मागच्या चाकाचा टायर कुजलेला, आणि ते चाक निघेना. चार नटांपैकी दोन सुटले. तिसऱ्यावर मी पान्याला लांब नळी लावून सगळा भार टाकला, तर बोल्टच तुटला. चौथाही तुटला तर मोटार लिंबाखालीच राहणार होती. यात्रेला उरले होते तीन दिवस.

नाना म्हणाले, "बी.ए. झाला ना तू? मंग त्याले इंग्रजीत सांग, निघ म्हना!"

देवाधर्माचं मला तेव्हा फारसं पटत नसे. तरी त्या दुपारी गंजलेल्या नटापुढे बसून मी मनात म्हटलं, आई मुक्ताई, माझं शिक्षण इथं संपलं.

एदलाबादला पायी निघालेली एक म्हातारी सावलीला टेकली होती. माझी झटापट बघून ती हसली. "भाऊ, भांडू नको त्याच्याशी. माह्या कुड्यांची फिरकी बी अशीच धरते. तेल पाज त्याले, मुरू दे. मंग आधी जरासं आवय, मंग सोड."

"सोडायचं तर आवळू कशाला, आजी?"

"तुले येतं, तर मंग काढला काऊन नाही?"

नाना खोकत खोकत हसले. तिनं गाठोड्यातून मुक्ताईच्या दिव्यासाठी आणलेलं तेल काढलं आणि निम्मं नटावर ओतलं. मी कासावीस झालो, तर म्हणाली, "तिचंच हाये. तिले माहीत हाये कुठं लावाचं ते."

नटाला गोवरीची धग दिली, पुन्हा तेल दिलं. तिच्या चार ओव्या होईस्तोवर मी हात बांधून बसलो. इतका वेळ गप्प बसणं मला कॉलेजातही जमलं नव्हतं. मग केसभर आवळला. कर्र झालं. उलटा फिरवला, आणि नट लोण्यातून यावा तसा आला! नानांनी मला मिठीच मारली.

जोर सगळा माझा होता, पण तो खाली ठेवल्यावरच काम झालं. तिला कुणी धाडलं, हे मी अजून कुणाला पटवत बसत नाही. मी हात जोडतो.

तुटक्या बोल्टाच्या जागी लोहारानं नवा घडवून दिला, चाकाला दुसरा टायर चढवला. तिसऱ्या दिवशी मोटार एदलाबादला पोचली. पुढच्या सीटवर, उरलेलं तेल मांडीवर घेऊन, आमच्याकडेच थांबलेली आजी बसली होती. नाना पुन्हा जिनात गेले नाहीत.