पिचवर पडलेली सावली

“सावली काढ तुझी पिचवरून!”

पाटलांचा मुलगा बॅट आपटत ओरडला. माझा थोरला भाऊ त्यांचा सालदार. मी त्याला दादा म्हणायचो. दादा शॉर्ट लेगला वाकून उभा होता, बॅटच्या अगदी तोंडाशी. सूर्य मावळतीला आलेला. त्याची सावली लांब होऊन पिच ओलांडत होती.

आम्ही महार. झेल घेतला तरी दादा चेंडू कुणाच्या हातात देत नसे. जमिनीवर ठेवायचा, मग ते उचलायचे. त्याचं अंग मात्र त्यांना बॅटसमोर चालत होतं. तिथे त्यांच्यापैकी कुणी उभं राहत नसे.

“पलीकडे जा. सिली पॉइंटला.”

दादा पलीकडे गेला. सावली त्याच्या मागे पडली आणि ऊन थेट तोंडावर आलं.

“मालक, मन्हा डोयामा ऊन शे. काईच दिखत नही.”

“दिसायला कशाला हवं? सिली म्हणजे शिळी. शिळ्या भाकरीची जागा. तुझीच ती.”

सगळे हसले. दादाही हसला. मालक हसले की हसायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

पुढचाच चेंडू पाटलांच्या मुलाने जोरात हाणला. दादा हललाही नाही. चेंडू कानशिलावर लागला. तो खाली बसला, हात जमिनीला टेकवला, जणू चेंडू ठेवायचा आहे. मग आडवा झाला. सकाळ व्हायच्या आत गेला.

पाटील म्हणाले, “खेळात होतं असं.”

मी तेव्हा नंदुरबारला हायस्कुलात शिकत होतो; रविवारी गावी आलो की कडेला उभा राहून खेळ बघायचो. परत गेल्यावर शाळेतल्या शब्दकोशात सिली शोधला. मूर्ख. हा शब्द इंग्रज साहेबाचा. शिळी भाकर पाटलांच्या मुलाने जोडली. दादाला चेंडूने मारलं असं गाव म्हणतं. मी म्हणतो, आमच्या सावलीचा विटाळ मानणाऱ्यांनी मारलं.

दादाचे दिवस झाले आणि पाटलांकडून निरोप आला. माणूस कमी आहे, धाकट्याला पाठवा.

आई म्हणाली, “नको जाऊ, बेटा. एक गया, तितलंच पुरं.”

मी गेलो. चेंडू तोच होता. जर्मनच्या लढाईमुळे नवा मिळत नव्हता. मला सिली पॉइंट दाखवला. मी शॉर्ट लेगला जाऊन उभा राहिलो, सूर्य पाठीशी घेऊन. माझी सावली पिच ओलांडून पाटलांच्या मुलाच्या पायांवर चढली.

“सावली काढ.”

“नाही काढत.”

“काय म्हणालास?”

“तुम्ही हला.”

तो बॅट उगारून वळला. आता ऊन त्याच्या तोंडावर होतं. त्याने डोळ्यांवर हात धरला. मी वाकलेलाच होतो, डोळे उघडे ठेवून. बॅट खाली आली नाही. खेळ मोडला.

त्या गावात आमच्यातला कुणी पुन्हा त्यांच्या बॅटसमोर उभा राहिला नाही. आई म्हणते, विसर. मी विसरणार नाही. पाटलांचा मुलगा चावडीवर उभा राहो की कचेरीत, मी सूर्य पाठीशी घेऊन त्याच्यासमोर उभा राहणार. माझी सावली त्याच्या अंगावरून हटणार नाही.