लाल तेवढा आपला

सोनाजी आणि मी एकाच शेतकी शाळेत नोकरीला. मी कारकून, आणि तो प्रयोगशाळेत काचेच्या फुटक्या नळ्या जोडायचा, नव्या ओढायचा. खुलताबादच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस पोलीस ॲक्शननंतर शहरात उतरला आणि एका म्हाताऱ्या कारागिराकडं काचकाम शिकला. हातात कसब होतं, पण घमेंडही तेवढीच. नळी जोडली की माझ्यापुढं धरायचा, "सांधा सापडतो का बघा." सापडायचा नाही, म्हणून मी आणखी वैतागायचो.

एका हिवाळ्यात कीटकशास्त्राचे सर त्याच्याकडं ढालकिडा घेऊन आले. तुरीच्या दाण्याएवढा लाल किडा, पाठीवर सात काळे ठिपके. हा करडईचा रस शोषणारे मावा नावाचे बारीक किडे खातो, पण लोक माव्याबरोबर यालाही मारतात, तेव्हा प्रदर्शनासाठी लिंबाएवढा काचेचा करून दे, असं सरांचं म्हणणं. सोनाजीनं उरुसातल्या कासाराकडून लाल-काळ्या बांगड्यांचे तुकडे आणले आणि ज्योतीवर वितळवून असा किडा केला, की आता उडेल असं वाटावं.

सरांनी आणखी एक मागितलं होतं. डबीतून त्यांनी त्याच किड्याची अळी काढली. काळी, काटेरी, बघून अंगावर शहारे यावेत अशी. "हीही कर. मावा हीच जास्त खाते."

सोनाजीनं तोंड वाकडं केलं. "सर, असलं ओंगळ माझ्या हातून नाय व्हायचं."

मी खो खो हसलो. प्रदर्शन तोंडावर आलेलं, सरांनीही मग ताणून धरलं नाही. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

प्रदर्शनात काचेच्या किड्याभोवती ही गर्दी. "एवढा किडा रानात आला तर बैल बी खाईल," असली थट्टा चाललेली. सोनाजीची धाकटी बहीण बानाबाई गारखेड्याहून आली होती. आता तिथं नुसती घरं झालीत, तेव्हा शेतं होती. तिच्या दोन पट्टे करडईवर घरचं वर्षाचं तेल निघायचं. पानावर जरा काही दिसलं की ती "दादाला इचारते" म्हणायची आणि पान पदरात बांधून थेट शाळेत यायची. सोनाजीनं किडा तिच्या तळहातावर ठेवला. "बाने, लाल तेवढा आपला. बाकी समदे वैरी."

तीन आठवड्यांनी ती प्रयोगशाळेत आली आणि टेबलावर पदराची गाठ सोडली. आत चिरडलेल्या काळ्या अळ्या होत्या, मूठभर.

"लई व्हते, दादा. तीन दिस मी अन् थोरली सून येचत व्हतो. एक नाय ठिवला. पर मावा वाढतोच हाय, आता काय करू?"

सरही तिथंच होते, त्यांनी वाकून पाहिलं. "बाई, ही त्या लाल किड्याचीच पिल्लं."

बानाबाईनं भावाकडं पाहिलं. "मंग तू का नाय सांगितलं?"

तिनं अळ्या परत पदरात भरल्या, गाठ मारली आणि निघून गेली. त्या वर्षी तिची करडई माव्यानं चिकट होऊन काळी पडली. घरात तेल आलं नाही.

सोनाजीनं मग अळी केली. आठ दिवस एकेक काटा वेगळा ओढून चिकटवत होता, बोटं भाजून घेतली. इतकं सुंदर काम त्यानं कधी केलं नव्हतं. यावेळी मला सांधा शोधायला सांगितला नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती अळी घेऊन आम्ही दोघं गारखेड्याला गेलो. बानाबाईनं ती उन्हाला धरून पाहिली. "लई झ्याक केलंय, दादा," ती मनापासून म्हणाली. चहा पाजला, रान दाखवायला नेलं. तिच्या बोलण्यात राग कुठंच नव्हता. मला तर हायसं वाटलं.

चालता चालता तिनं करडईचं एक पान उलटलं. खाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका होता. त्याच किड्याची अंडी, हे आता सोनाजीला चांगलं ठाऊक होतं. नेहमीसारखा त्यानं पानासाठी हात पुढं केला.

बानाबाईनं पान खुडलं आणि ती बांधाकडं गेली. पलीकडं शेजारचा पुंजाराम त्याच्या रानात पाणी धरत होता.

"पुंजारामभाऊ," तिनं हाक दिली, "हे ठिवू का मारू?"