आमच्या आळीचा भोंगा

आमच्या गावचं नाटक दुपारी तीनला सुरू होतं. बाहेरच्यांना याचं हसू येतं, पण दिघाशीतली निम्मी माणसं भिवंडीजवळच्या वळ आणि मानकोलीच्या गोडाऊनमध्ये नाइट शिफ्टला असतात. रात्री नाटक लावलं तर नट ड्युटीवर आणि बघणारेही ड्युटीवर. म्हणून जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भर उन्हात, कापडी मांडवाखाली आम्ही रडायला बसतो. उजेड एवढा असतो की कोण रडतंय हे नटाला दिसतं आणि दाढीचा गोंद कुठे सुटलाय हे लोकांना.

नाटक दरवर्षी तेच. ते माझ्या बाबांनी तरुणपणी लिहिलं. बाबा भिवंडीत सरकारी कचेरीत कारकून होते, निवृत्त झाल्यावर गावी परतले. त्यांच्या नाटकात एक म्हातारा आहे. त्याचा मुलगा खाडीत रेती काढायला जातो आणि होडी बुडते. घरात मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, त्यामुळे म्हाताऱ्याला सांगायला कोणी धजावत नाही. तो मुलासाठी फेटा आणतो, वरातीत त्याने कुठे चालायचं ते ठरवतो, रोज त्याचं ताट वाढायला लावतो. शेवटी एक शेजारी मुलाचं ओलं उपरणं त्याच्यापुढे आणून ठेवतो. म्हातारा उपरण्याकडे बघतो आणि म्हणतो, "ताट उचला." पडदा.

मी भिवंडीच्या एका कॉलेजात मराठी शिकवते, म्हणजे हा विषय माझा पोटापाण्याचा. पूर्वसूचना आणि नाट्यात्म उपरोध हे शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याला हिशेब नाही. बाबांच्या पहिल्या अंकात मुलगा निघताना चप्पल तुटते, मांजर आडवं जातं, पाल चुकचुकते आणि समईही विझते. मी एकदा त्यांना चिडवलं, "बाबा, एवढे अपशकुन? एखादा तरी देवासाठी ठेवा."

"तू एसटीनं येऊन पयल्यापास्नं बसतेस," बाबा म्हणाले. "हितं माणूस म्हशीचं दूध काढून येतो. ज्याची चप्पल बघायची ऱ्हायली त्याला मांजर तरी मिळाया पायजे."

होडी बुडाल्याची बातमी ते दुसऱ्या अंकातच सांगून टाकत. ती शेवटाला का नाही ठेवली, असंही मी विचारलं होतं. शेवटपर्यंत लपवलं तर लोक एकदाच दचकतात, आधी सांगितलं तर फेट्यापासून ताटापर्यंत सगळा वेळ त्यांच्या पोटात खड्डा पडतो, असं त्यांचं म्हणणं. मी हे पुढे वर्गात माझं म्हणून खपवलं. बापाचंच होतं, चोरी कसली.

बाबांनी म्हाताऱ्याचं काम बरीच वर्षं केलं. गुडघे गेले तेव्हा ते काम दादाकडे, माझ्या मोठ्या भावाकडे आलं. दादा वळच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. काम चांगलं करायचा, पण शेवटाला घाई. उपरणं पुढे आलं रे आलं की "ताट उचला" म्हणून मोकळा, जणू बाहेर ट्रक खोळंबलाय. बाबा दरवर्षी चिडत. "थांब तिथं. लोकांना कवाचं ठाव हाय, तुला आता कळतंय. जरा बघू दे त्यांना तुझ्याकडं." दादा मान हलवायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हा त्यांच्यातला जुना झगडा. दादाला एकदा तरी बाबांकडून "थांबलास" असं ऐकायचं होतं. त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याची बहीण आहे मी, एवढं कळतं.

गेल्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी आता घरीच सांभाळा म्हणून सांगितलं होतं. मांडवात येणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी भोंगा मागितला. लाउडस्पीकरवाला भिवंडीचा, आधी पॉवरलूमवर कामाला होता, नंतर डेकोरेशनच्या धंद्यात पडला. त्याने आमच्या आळीच्या तोंडाशी, घरासमोरच्या खांबावर एक भोंगा बांधून दिला. माइक तपासताना दादा "हॅलो" म्हणाला आणि क्षणभराने तेच "हॅलो" आमच्या घराकडून परत आलं. दादा हसला. "पोचला बाबांना," म्हणाला.

त्या सकाळी बाबांनी दाढी करून घेतली होती, पेजही पूर्ण प्यायले होते. नंतर बायकांनी त्याचाही शकुन-अपशकुन लावला. मला ते पटत नाही. दाढी ते दर रविवारी करायचे आणि तो रविवार होता.

मी प्रॉम्प्टर. मागच्या पडद्याआड खुर्ची टाकून बसते. खरं तर गावातल्या शेंबड्या पोरालाही हे नाटक पाठ आहे, पण बाबांचा हट्ट, घरचं माणूस मागे हवं. दुसरा अंक संपला आणि शेजारची काकू मागच्या बाजूने आली. तिचा चेहरा बघून मी उठलेच. नाटकातले दोन शेजारी भोंग्यावर होडीचं बोलत होते तेव्हाच बाबांनी डोळे मिटले होते, झोप लागली असं आईला वाटलं. काकू माझ्या कानाशी म्हणाली, "तुझी आई म्हनते नाटक थांबवू नका. त्यांनी आयकता आयकता प्रान सोडला, पोराचं पुरं होऊ दे. त्याला आता सांगू नको."

मला घरी जायचं होतं. ते माझेही बाबा होते. पण प्रॉम्प्टर उठून गेली की दादाला न सांगता कळलं असतं. मी बसले. दादा आरशासमोर दाढी नव्याने चिकटवत होता.

"काकू कशाला आलेली?"

"चहाचं विचारायला."

"बाबा आयकतात ना?"

"ऐकतायत," मी म्हटलं. वर्गात शिकवलेला उपरोध असा माझ्याच तोंडी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

तिसरा अंक सुरू होईपर्यंत बातमी मांडवभर झाली होती. आईचा निरोपही तिच्यामागोमाग फिरला होता, त्यामुळे कोणी उठलं नाही. पडद्याच्या फटीतून मला रांगाच्या रांगा माना खाली घालून बसलेल्या दिसत होत्या. फेट्याच्या प्रसंगात म्हातारा तो स्वतःच्या डोक्यावर घालून बघतो आणि म्हणतो, "माझ्यापेक्षा त्याला शोभंल, त्याला अजून केस हायेत." इथे दरवर्षी हशा होतो. त्या दिवशी एक बाई हुंदका देऊन उठली आणि तिच्या सासूने तिला पदर धरून खाली बसवलं. असं नाटक मी कोणा विद्यार्थ्याच्या वहीत वाचलं असतं तर "योगायोग फार" असा लाल शेरा मारला असता.

दादा मात्र नेटाने काम करत होता. एकही शब्द चुकत नव्हता. मला त्याची कीव येत होती आणि रागही, की याला काहीच कसं कळत नाही.

मग उपरणं आलं. शेजाऱ्याचं काम करणाऱ्याने ते पुढे ठेवलं आणि तोंड फिरवलं. दादा बघत राहिला. मला वाटलं ओळ विसरला. मी हळूच म्हटलं, "ताट उचला." त्याने घेतली नाही. मी पुन्हा दिली. तो उपरण्याकडे बघतच नव्हता, लोकांच्या डोक्यांवरून आमच्या आळीकडे बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने मान खाली घातली आणि रोजच्या आवाजात म्हणाला, "ताट उचला."

पडदा पडला. टाळी पडली नाही.

मी आत गेले तेव्हा तो खोबरेल तेलाने रंग पुसत होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "आपल्या आळीचा भोंगा बंद हाय."

मला पत्ताच नव्हता. मी लाउडस्पीकरवाल्याकडे बघितलं. तो वायर गुंडाळत होता. हात जोडून म्हणाला, "मैडम, जिस घर में मय्यत हो, उधर भोंगा नहीं बजाते. मैंने इंटरवल में ही निकाल दिया." त्याने आपल्या रीतीने अदब राखली होती. त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं.

"तिसऱ्या अंकाच्या पयल्याच वाक्याला कळला," दादा म्हणाला. "माझा आवाज परत आला न्हाय."

"मग थांबवलं का नाहीस?"

"तुम्ही सगले एवढे जपत होता मला. तुम्हाला वाटत होता, मला ठाव न्हाय." त्याने बोळा खाली ठेवला. मग तो रडला. मीही रडले.

तसेच निघालो. त्याच्या अंगावर म्हाताऱ्याची बंडी, कानामागे पांढरा रंग. लोक दोन्ही बाजूंना सरकून वाट देत होते. अंगणात बायका जमल्या होत्या. आई बाबांच्या उशाशी बसली होती. भोंगा बंद झाल्यापासून तिला नाटकाचं काहीच ऐकू आलं नव्हतं. दादा दारातच खांबाला धरून उभा राहिला. मी आत गेले. आईने माझा हात धरला आणि आधी हेच विचारलं.

"शेवटाला थांबला का तो?"

"थांबला," मी म्हटलं.

आई वाकली आणि बाबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "अहो, थांबला बरं का."